कलकत्त्याच्या चिनी वस्तींत कोठें जेवावें?

कालीघाट, दक्षिणेश्वर व बेलूर पाहून झाल्यावर कलकत्त्यांत जेवावयास कोठें जावें, असें एका भगिनींनीं आम्हांस विचारलें आहे. (सरकारदरबारीं शहराचें नांव २००१ पासून कोलकाता झालें, आमच्या तोंडीं जुनेंच बसलें आहे.) रसगुल्ल्याविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत, आम्ही आज तेथील चिनी वस्तीविषयीं लिहितों. शाकाहाराचा नेम पाळणाऱ्या वडील माणसांनीं मात्र हें पान उलटूं नये. त्यांची अडचण आम्हांस चांगली ठाऊक आहे.

चिनी वस्ती एक नसून दोन आहेत. जुनी टिरेटी बाजारची. लालबाजारच्या पोलीस कचेरीजवळ, पोद्दार कोर्टाच्या मागें. तेथें जावयाचें तें न्याहारीस, आणि तेंहि उजाडतां उजाडतां. साडेआठास जाणारा बहुधा रिकामीं भांडीं पाहून परततो. रविवारीं बाजार अधिक भरतो, पण मेट्रो त्या दिवशीं उशिरां सुटते, टॅक्सीच करावी. रस्त्याच्या कडेस वाफाळणाऱ्या करंड्या मांडलेल्या असतात. त्यांत मांस भरलेले पांढरे पाव व मोदकासारखे मोमो, शेजारीं माशांच्या गोळ्यांचें सार. घरांतील तरुण मंडळी बाहेर काय खातात हें आतां कोणापासून लपलेलें नाहीं, म्हणून स्पष्टच सांगतों: येथील बहुतेक पदार्थांत डुकराचें मांस किंवा मासळी असते.

आमच्याबरोबर काका होते. वय पंचाहत्तर, जन्मांत अंडेंहि न शिवलेले. तिळांत घोळून तळलेले गोळे पाहून ते थबकले. विकणारी चिनी आजीबाई त्यांच्याकडे क्षणभर पाहून हिंदींत म्हणाली, "बाबूजी, आंत गोड आहे, पण कढई एकच आहे. तुम्ही खाऊं नका." गिऱ्हाईक आपण होऊन परत पाठविणारी ही बाई काकांस फार आवडली. भाचे मंडळी खात होतीं तोंवर ते मातीच्या भांडांतला चहा घेऊन तिच्याशींच बोलत बसले. मुलगा व सून टोरोंटोस, नातवंडें तिकडचींच. "तुमच्यामागें येथें कोण बसणार?" असें काकांनीं विचारलें, तेव्हां तिनें हंसून करंडीचें झांकण लावलें.

हीं माणसें आलीं कधीं? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत टोंग अच्यू नांवाच्या चिनी व्यापाऱ्यास वॉरन हेस्टिंग्जनें हुगळीकांठीं जमीन दिली व त्यानें तेथें साखरेचा कारखाना काढला. अचीपूर हें गांव त्याच्याच नांवाचें. पुढें सुतार, मोची, दंतवैद्य येत गेले. हक्का जमातीच्या लोकांनीं शहराच्या पूर्वेस टांगरा येथें कातडीं कमावण्याचे कारखाने घातले. जें काम आपल्या लोकांनीं विटाळाचें म्हणून दूर लोटलें, त्यावर ह्यांनीं घरें उभीं केलीं. १९६२ च्या युद्धांत ह्याच लोकांतील अनेकांस, बायकामुलांसह, राजस्थानांतील देवळीच्या छावणींत नेऊन ठेवण्यांत आलें. त्यांतील कित्येकांस चीन हा देश कधीं दिसलाहि नव्हता. सुटून आल्यावर बरेच जण परदेशीं गेले, ते गेलेच. पुढें १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें प्रदूषणामुळें कातड्याचे कारखाने शहराबाहेर नेण्याचा हुकूम दिला, आणि टांगऱ्यांत चुली तेवढ्या राहिल्या.

शाकाहारी कुटुंबानें जेवावयास जावें तें ह्या टांगऱ्यासच. ‘बीजिंग’, ‘किम लिंग’, ‘गोल्डन जॉय’ अशीं तेथील परिचित भोजनगृहें; आम्हांस मात्र पाटीपेक्षां वाढप्याशीं स्पष्ट बोलणें अधिक महत्त्वाचें वाटतें. भाज्यांच्या सारांतहि कोंबडीचें पाणी असूं शकतें, व ‘ऑयस्टर सॉस’ हा कालवांचा असतो. दोन्ही नकोत म्हणून आधींच बजावावें. कढई धुवून घ्या म्हटलें तर सहसा कोणी रागावत नाहीं. ज्यांचा कटाक्ष भांड्यापर्यंत आहे, त्यांनीं मात्र भिडेस पडून जाऊं नये. आम्हीं भाज्यांचे हक्का नूडल्स, तिखट अळंबीं व साधा परतलेला भात मागविला. ताटें मोठीं येतात. चौघांस तीन पदार्थ पुरतात.

भाच्यानें मंचुरियन मागविलें. त्यास सांगावें लागलें कीं हा पदार्थ मांचुरियांत कोणी ओळखणार नाहीं. कलकत्त्यांत जन्मलेल्या नेल्सन वांग ह्या चिनी आचाऱ्यानें तो १९७५ च्या सुमारास आपल्या मुंबईंत केला, असें सांगतात. जेवणानंतर जवळचें कालीचें देऊळ अवश्य पाहावें. चिनी लोकांनीं बांधलेलें, आणि नैवेद्यास नूडल्स! काकांनीं तेथें नमस्कार केला. प्रसाद घ्यावा कीं नाहीं ह्यावर थोडा विचार केला, आणि घेतला.

परततांना त्यांनीं टिरेटी बाजाराजवळच्या ‘पौ चोंग’ ह्या चिनी दुकानांतील हिरव्या मिरचीच्या सॉसची बाटली, वरचा कागद दोनदां वाचून, विकत घेतली. ती आतां आमच्या फडताळांत लिंबाच्या लोणच्याशेजारीं असते, आणि थालीपीठ झालें कीं काकाच ती प्रथम मागतात.