विश्लेषण : घोणस आणि फुरसं एकाच कुळातले, विष मात्र वेगळं, लस दोघांना एकच

पावसाळा लागला की शेतात, बांधावर, गोठ्यात सर्पदंशाच्या घटना वाढतात. जीवघेण्या दंशांत मुख्यतः चार साप असतात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. यातले शेवटचे दोन एकाच कुळातले, म्हणजे व्हायपर. 'नाग-मण्यार नसांवर, घोणस-फुरसं रक्तावर' एवढं गावात बहुतेकांना माहीत असतं. पण घोणस आणि फुरशाचं विष एकसारखं नाही. इतकंच काय, दोन जिल्ह्यांतल्या घोणशींचं विषही एकसारखं असेल असं नाही. याचा थेट संबंध सरकारी दवाखान्यातल्या लशीशी आहे.

विषात फरक काय?

जखम झाली की रक्त गोठवणारे घटक साखळीसारखे एकामागून एक कामाला लागतात. घोणशीचं विष या साखळीतल्या फॅक्टर ५ आणि फॅक्टर १० या मधल्या कड्या ओढतं. फुरशाचं विष थेट पुढच्या प्रोथ्रॉम्बिनला चेतवतं. शेवट दोन्हीकडे तोच : गोठवणारा माल संपतो आणि रक्त पातळच राहतं. मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त येऊ लागतं.

पुढचा धोका मात्र वेगळा. घोणशीच्या दंशात मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसची वेळ येऊ शकते. फुरशात हे कमी दिसतं, पण त्याच्या विषातले घटक रक्तवाहिन्यांच्या भिंती पोखरतात. लस मिळाली नाही तर रक्त न गोठण्याचा त्रास कित्येक दिवस टिकतो. 'एवढंसं फुरसं, काय होतंय' म्हणून घरी बसणं म्हणूनच अंगाशी येतं.

मुलूख बदलला की विष बदलतं

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी देशातल्या 34 ठिकाणच्या 115 घोणशींचं विष तपासलं. 2025 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाऊस आणि तापमान यांनुसार विषाची घडण बदलते, कोरड्या भागातल्या घोणशींच्या विषात प्रथिनं फोडणारे घटक जास्त जोर धरतात, असं त्यात दिसलं.

लस कुठल्या विषाची?

सापाचं थोडं थोडं विष घोड्याला टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून लस बनवतात. देशात यासाठी लागणारं बहुतांश विष तमिळनाडूतल्या इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येतं. म्हणजे साप दक्षिणेतला आणि दंश देशभरातला. ही लस निकामी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. आज जीव वाचवणारं औषध तेच आहे. पण एखाद्या भागात ती कमी पडू शकते, जास्त बाटल्या लागू शकतात.

शिवाय ती फक्त चार सापांच्या विषावर बनते. सह्याद्रीतला हिरवा चापडाही व्हायपरच, पण तो या चौघांत नाही.

आता काय हवं?

केंद्राने 2024 मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला. 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं त्याचं उद्दिष्ट आहे. प्रत्येक दंशाची नोंद व्हावी, असं राज्यांना कळवण्यात आलं. कुठल्या भागात किती बाटल्या लागतात हे नोंदीतूनच कळेल. आणि त्या त्या भागातलं विष वापरून लस बनली, तरच हा फरक भरून निघेल.

तोवर गावकऱ्यांच्या हाती वेळ आहे. साप पकडत बसू नका, जखम कापू नका, करकचून बांधू नका. हातपाय हलू न देता 108 ला फोन करा. रक्त गोठतं का हे पाहायला दवाखान्यात काचेच्या कोऱ्या नळीत 20 मिनिटं रक्त ठेवतात. 'नुसतं बसवून ठेवलंय' म्हणून रुग्णाला उठवून नेऊ नका. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच लस लागते, कारण साप वय बघून विष सोडत नाही.