चौघींचा पट
बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये सामना चार पटांवर एकाच वेळी रंगतो. अडीच गुण झाले की सामना खिशात, फरक कितीही असो. म्हणून इथे शेजारचे पट पाहून स्वीकारलेली बरोबरी भित्रेपणाची नसते, हिशेबाची असते. ती मागावी का, घ्यावी का किंवा डाव सोडावा का, एवढेच कर्णधार सांगू शकतो. पटावरील स्थितीबद्दल चकार शब्द नाही. 2024 मध्ये भारतीय महिला संघाचे कर्णधार होते अभिजित कुंटे, पुण्याचे. पुणेकराला मत द्यायला मनाई करणारा हा बहुधा एकमेव नियम. 22 सप्टेंबर 2024 रोजी बुडापेस्ट ऑलिम्पियाडच्या शेवटच्या फेरीत तिसऱ्या पटावर नागपूरच्या दिव्या देशमुखने मात्र हिशेबाची वेळच येऊ दिली नाही. तिने अझरबैजानच्या गोव्हर बेदुल्लायेवाला हरवले, भारताने सामना साडेतीन-अर्धा असा जिंकून महिला गटातले पहिले सुवर्ण घेतले आणि 11 डावांत साडेनऊ गुणांवर दिव्यालाही वैयक्तिक सुवर्ण मिळाले.