जिना चढताना दुखणारी दाढ

प्रवासाला निघणाऱ्या ज्येष्ठांनी सोबत कोणती औषधे घ्यावीत, हे मी या सदरातून एकाहून अधिक वेळा लिहिले आहे. या वेळी औषधांविषयी थोडेच लिहिणार आहे. सहप्रवाशाच्या डोळ्यांना काय दिसायला हवे आणि मला स्वतःला ते किती उशिरा दिसले, ते आज सांगते.

महाशिवरात्रीला जोडून आलेल्या तीन दिवसांच्या सुट्टीत मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण श्रीलंकेला गेलो. मुंबईहून कोलंबो विमानाने साधारण अडीच तासांवर आहे, आणि तेथील घड्याळ आपल्याच वेळेप्रमाणे चालते. त्यामुळे गोळ्यांच्या वेळा बदलाव्या लागत नाहीत, ही मधुमेही प्रवाशांसाठी मोठीच सोय. मैत्रीण ५८ वर्षांची. मधुमेह १२ वर्षांपासून. त्यांपैकी ८ वर्षे तिने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा केली. गेल्या वर्षी त्या निवर्तल्या. तुमच्यापैकी अनेकांनी अशी वर्षे काढली आहेत, तेव्हा या सहलीचे तिला किती अप्रूप होते हे वेगळे सांगावयास नको. त्या ८ वर्षांत तिची स्वतःची तपासणी मात्र साखरेपलीकडे गेली नव्हती.

मुंबईच्या विमानतळावर लांब चालताना ती दर थोड्या वेळाने दुकानांसमोर थांबत होती. घड्याळे, अत्तरे, चॉकलेटे. मी थट्टा केली, ‘‘अगं, घ्यायचे काही नाही आणि बघतेस किती!’’ ती हसली. डॉक्टर म्हणून माझी पहिली चूक तेथे झाली. चालताना छातीत अवघडले किंवा पोटऱ्या भरून आल्या की माणसे असेच काहीतरी पाहण्याचे निमित्त करून थांबतात, हे मी विद्यार्थिदशेत शिकले आहे. पण सुट्टीवर निघालेल्या डॉक्टरचे डोळेही सुट्टीवर जातात.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही सिगिरियाला पोहोचलो. सिगिरिया म्हणजे सिंहगिरी. सपाट अरण्यातून सुमारे १८० मीटर उंच उठलेला हा एकसंध कातळ. त्याच्या माथ्यावर पाचव्या शतकात कश्यप राजाने राजवाडा उभारला. पित्याला मारून त्याने गादी मिळवली होती, आणि भाऊ सूड घ्यायला येईल ही धास्ती त्याला होती. पायथ्याशी त्याची जलोद्याने आहेत, वाटेत कपारीत रंगवलेल्या सुंदरींची चित्रे, आणि माथ्यापर्यंत सुमारे १२०० पायऱ्या. गांधीलमाश्यांमुळे शांतता राखण्याच्या पाट्या जागोजागी आहेत. मैत्रीण म्हणाली, ‘‘बरे झाले, तुला तरी गप्प बसावे लागेल.’’

चित्रांच्या खाली एक गुळगुळीत गिलाव्याची भिंत आहे. तिला आरसा-भिंत म्हणतात. शेकडो वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या प्रवाशांनी तिच्यावर जुन्या सिंहली भाषेत ओळी कोरल्या आहेत. मैत्रीण त्या भिंतीपाशी कठडा धरून बराच वेळ ‘वाचत’ उभी राहिली. तिला सिंहली येत नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते.

तेथून वर एक मोठी सपाटी लागते. पूर्वी तेथे सिंहाचे प्रचंड मुख होते. त्यातून जिना वर जाई. आता केवळ दोन पंजे उरले आहेत आणि त्यांच्यामधून पुढचा जिना चढतो. तेथे पोहोचताच ती खाली बसली. कपाळावर घाम, हात जबड्यावर. ‘‘दाढ ठणकतेय गं मघापासून. उद्या कँडीला दंतमंदिरातच जायचे आहे ना, तेथेच गाऱ्हाणे घालते.’’ मी हसले, आणि हसता हसताच थबकले. दाढेचे दुखणे पायऱ्या चढल्याने वाढत नाही आणि बसल्याने पाच मिनिटांत थांबत नाही. हे दुखणे तसेच थांबले.

रक्तातील साखर पाहिली. १४२ होती, म्हणजे साखर उतरलेली नव्हती. मग खोदून विचारले. दोन महिन्यांपासून बाजारातून पिशव्या घेऊन येताना जबडा दुखत असे, दम लागत असे. छातीत मात्र कधीच दुखले नव्हते. ‘‘आणि तुला सांगितले असते तर तू मला आणले असतेस का?’’

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

हृदयाला रक्त कमी पडले की छातीत कळ येते, एवढेच सर्वांना ठाऊक असते. पण मधुमेहाने संवेदना वाहणाऱ्या नसा दुबळ्या झालेल्या असतील तर ती कळ जाणवेलच असे नाही. स्त्रियांमध्ये आणि वृद्धांमध्ये ती जबडा, मान, पाठ किंवा पोटाचा वरचा भाग अशा आडवाटांनी व्यक्त होते. कित्येकदा नुसता दम लागतो, घाम येतो, गळून गेल्यासारखे होते. श्रमाने येणारे आणि विश्रांतीने जाणारे असे कोणतेही नवे दुखणे कमरेच्या वर असेल, तर ते हृदयाचे नाही असे सिद्ध होईपर्यंत हृदयाचेच मानावे. ते थांबले तरी त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. दहा मिनिटांत थांबले नाही तर रुग्णवाहिकाच बोलवावी. आपल्याकडे १०८, श्रीलंकेत १९९०. ही १९९० ची मोफत सेवा २०१६ मध्ये भारताच्या साहाय्याने सुरू झाली. जिभेखाली ठेवावयाची गोळी मात्र शेजाऱ्याची मागून घेऊ नये. रक्तदाब एकदम उतरू शकतो.

आम्ही माथ्यावर गेलो नाही. तिला पूर्ण बरे वाटल्यावर, वळणावळणाला बसवत खाली आणले आणि जवळच्या गावातील सरकारी रुग्णालय गाठले. ईसीजी निर्दोष होता. ती विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहू लागली. स्वस्थ पडलेल्या माणसाचा ईसीजी निर्दोष असणे हे प्रमाणपत्र नव्हे, हे तेथील तरुण डॉक्टरांनी माझ्याआधी तिला समजावले. रात्रभर देखरेखीखाली ठेवून ईसीजी आणि रक्ताची तपासणी पुन्हा केली, औषधे सुरू केली, आणि दुसऱ्या दिवशी काही अटींवर जाऊ दिले. औषधांची नावे व मात्रा लिहिलेला कागद तिच्या पर्समध्ये होता, त्याचा फार उपयोग झाला. जुना ईसीजी असता तर अधिक झाला असता. तुमच्या मोबाइलमध्ये त्याचे छायाचित्र आजच काढून ठेवा. प्रवासविम्याच्या अर्जात मधुमेहाचा उल्लेख करायला ती नाखूश होती. तो मी आग्रहाने करायला लावला होता, तेवढे एक काम मी नीट केले.

कँडी राहिले. परतीच्या विमानतळावर चाकांच्या खुर्चीवरून आमचे खरे भांडण झाले. ‘‘आठ वर्षे मी खुर्ची ढकलली आहे, मी बसणार नाही,’’ असे ती म्हणाली. शेवटी बसली, पण मुंबई येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

त्याच आठवड्यात अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या एका मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. तेथे स्टेंट बसवला. आता ती रोज सकाळी ४० मिनिटे चालते, आणि थांबावेसे वाटले तर दुकान न शोधता थांबते. निघण्यापूर्वी मी तिला ‘तुला काही त्रास आहे का’ असे विचारले होते, आणि ‘नाही’ हे उत्तर ऐकून समाधान मानले होते. आता मी सहलीला निघालेल्या रुग्णांना वेगळे विचारते : गेल्या वर्षी न थांबता करत होता, पण आता थांबून थांबून करता, असे काय आहे? या प्रश्नावर माणसे विचारात पडतात. परवा एका आजोबांनी बराच वेळ घेतला आणि मग म्हणाले, ‘‘देवळाची शेवटची चढण.’’ त्यांची यात्रा दोन आठवडे पुढे ढकलली आहे.