दिवे लागतात, मग गाडी का सुरू होत नाही?

मुरबाडला अजून रेल्वे पोचलेली नाही. शहापूर तालुक्यात आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी स्टेशने आहेत खरी; पण स्टेशनापासून आतल्या पाड्यापर्यंत जायचे तर जीपवाचून गत्यंतर नाही. अशा ठिकाणी पहाटे गाडी सुरू झाली नाही, की कोणाची परीक्षा चुकते, तर कोणाचा रोगी दवाखान्यात उशिरा पोचतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की गाडीचा बिघाड ओळखायला आपल्या शाळांनी विज्ञानाच्या तासालाच शिकवावे. दुरुस्त करायला नंतर; आधी ओळखायला.

टोकावड्याकडे माझा एक शिक्षकमित्र राहतो. त्याच्या जुन्या जीपची किल्ली फिरवली, की नुसता 'टक्' असा आवाज येई. पुढचे दिवे मात्र लख्ख लागत. किल्ली फिरवताच तेही मलूल होत. एका मेकॅनिकने बॅटरी बदलायला सांगितले. काही हजार रुपये गेले, गाडी तीन आठवडे चालली आणि पुन्हा 'टक्'! तेव्हा मित्राच्या नववीतल्या मुलीने विचारले, "बाबा, दिवे लागतात म्हणजे बॅटरीत वीज आहे. मग ती अडते कुठे?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर तिच्याच पुस्तकात होते, ओहमच्या नियमात. बॅटरीच्या शिशाच्या खांबाला जो चिमटा बसतो, त्याच्या आत पांढरट-हिरवट थर चढतो. समजा, त्या थराचा रोध फक्त ०.०५ ओहम आहे. पुढचे दोन दिवे मिळून सुमारे १० अँपिअर धारा घेतात. १० गुणिले ०.०५ म्हणजे अर्धा व्होल्ट वाया गेला; दिव्यांना त्याचे काहीच वाटत नाही. पण इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर १५० अँपिअर मागते. आता गुणाकार करा: ७.५ व्होल्ट! बारांतले साडेसात त्या चिमूटभर थरातच खर्ची पडायचे. मग अर्थातच तेवढी धारा वाहूच शकत नाही आणि मोटर जागची हलत नाही.

हे तपासायला दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. त्याची एक तार खांबाला, दुसरी चिमट्याला लावायची आणि कोणीतरी किल्ली क्षणभर फिरवायची. काटा किंवा आकडा शून्याजवळ राहिला तर जोड ठीक. व्होल्ट दिसू लागले तर चोर सापडला. (गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, हे सांगायला नको.) गाडी काही तास उभी असताना पूर्ण भारलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी समजावी. साफसफाईच्या वेळी आधी ऋण बाजूचा चिमटा काढावा. धन बाजूचा आधी काढताना पाना चुकून पत्र्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो! थर खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने निघतो. ते पाणी बॅटरीच्या आत मात्र जाता कामा नये.

काही शिक्षक म्हणतील, हे आयटीआयचे काम. मला ते पटत नाही. उत्कलनबिंदू दाबाबरोबर वाढतो, हे वाक्य आपण पाठ करतो. आणि माळशेज किंवा कसारा घाटात गाडी तापली, की तोच पाठ केलेला मुलगा रेडिएटरचे झाकण फिरवायला धावतो. आत दाब वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट असतो, पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते. झाकण सैल होताच दाब पडतो, पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि चेहरा, हात भाजून निघतात. इंजिन बंद करून अर्धा तास तरी थांबावे. दरम्यान पट्टा तुटला आहे का, नळी गळते का, जाळीत पाचोळा अडकला आहे का, हे हात न लावता पाहता येते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणे हाही वेडेपणाच. असमान आकुंचनाने धातूला तडा जातो.

ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग आणि विजेवर चालणाऱ्या गाडीतल्या नारिंगी तारा, यांना घरी हात लावू नये, हेही याच तासाला सांगावे. एरवी शाळेच्या आवारात शिक्षकांची एखादी गाडी उभी असतेच. तिचे झाकण उघडून एक तास घ्यायला काय हरकत आहे? विद्यार्थ्यांनी लक्षण, अंदाज, चाचणी आणि निष्कर्ष प्रयोगवहीत लिहावेत, गुणही द्यावेत.

टोकावड्याची ती 'खराब' बॅटरी मित्राने विकली नव्हती. चिमटा घासल्यावर तिच्यावरही जीप सुरू झाली. आता ती पडवीत आहे, आणि वीज गेली की मुलगी तिच्यावर बारा व्होल्टांचा दिवा लावून अभ्यास करते.