घोरपड पिंजऱ्यात, पारधी कोठडीत!

घोरपड हा प्राणी महाराष्ट्राला दोन गोष्टींमुळे माहीत आहे. एक म्हणजे सिंहगडाचा कडा चढण्यासाठी तानाजी मालुसऱ्यांनी यशवंती नावाची घोरपड लावली ही दंतकथा. दुसरी म्हणजे अधूनमधून वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येणारी चार ओळींची बातमी, ‘घोरपडीची शिकार करणारे अटकेत’. दंतकथेतील घोरपड कोणी पकडली, कोणी माणसाळवली, हे कुणी विचारत नाही. तो माणूस गोष्टीतून गायब आहे. बातमीतील माणसाचे नाव मात्र आडनावासकट छापून येते. पवार, भोसले, काळे असे आडनाव असले तरी तो राजघराण्यातला नसतो, तो फासेपारधी असतो. वाघमारे किंवा मुकणे असला तर कातकरी असतो. इतिहासात अनामिक आणि पोलीस डायरीत नामांकित, ही या देशातील भटक्या-विमुक्तांची आणि आदिवासींची कहाणी आहे.

हे आज लिहिण्याचे कारण असे की, शहरातील सुखवस्तू घरांत सरडे, साप, घोरपडी पाळण्याचा शौक वाढतो आहे. काचेची पेटी, वरून उष्णतेचा दिवा आणि आत परदेशी इग्वाना किंवा आफ्रिकेतील सॅव्हाना घोरपड! त्यातूनच असा युक्तिवाद पुढे येतो की, या प्राण्यांची पैदास बंदिस्त जागेत करू द्या, म्हणजे जंगलातील प्राणी आपोआप वाचतील. ऐकायला हे छान वाटते. परंतु चळवळीच्या माणसाने कोणताही युक्तिवाद ऐकला की आधी एक प्रश्न विचारायचा असतो : यात फायदा कुणाचा आणि शिक्षा कुणाला?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतात घोरपडीच्या चार जाती आहेत. आपल्याकडे सर्वत्र आढळणारी साधी घोरपड, पाणघोरपड, पिवळी घोरपड आणि वाळवंटी घोरपड. या चारही जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ केवळ मारणे असा नाही. पकडणे, सापळा लावणे, अंडी फोडणे हीसुद्धा शिकारच. शिक्षा किमान तीन वर्षे, जास्तीत जास्त सात वर्षे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार रुपये. ज्याच्या पालावर दोन दिवसांचे धान्य नाही, त्याने २५ हजार कुठून आणायचे?

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात एक पारधी म्हातारी भेटली. मुलाच्या पोत्यात घोरपड सापडली होती, तो आत होता. वकिलाची फी द्यायला पैसे नव्हते. ती म्हणाली, “भाऊ, घोरपड कंच्या वारुळात अंडी घालती, किती दिसांनी पिल्लं भाईर येत्यात, ह्ये सायबाला इचारून बघा. त्येला न्हाई सांगता येणार. मला इचारा.” मी विचारले. तिने जे सांगितले ते पुढे पुस्तकात वाचायला मिळाले. मादी जमिनीत बीळ खोदून किंवा वारुळात वीसेक अंडी पुरते. ती उबायला कित्येक महिने लागतात. पिल्लू बाहेर आल्यापासून स्वतःचे पोट स्वतः भरते. ही विद्या त्या म्हातारीकडे होती. पदवी मात्र तिच्याकडे नव्हती आणि जी नोंद होती ती फक्त पोलीस ठाण्यात.

आता पैदाशीच्या युक्तिवादाकडे वळू. घोरपड ही कोंबडी नव्हे. तिला ऊन लागते, खोदायला खोल माती लागते, हिंडायला जागा लागते आणि खायला मांस लागते. काचेच्या पेटीत ती जगते, पण बहुधा लठ्ठ होऊन, आजारी पडून लवकर मरते. जगातील सर्वांत मोठी घोरपड म्हणजे इंडोनेशियातील कोमोडो ड्रॅगन. इंडोनेशियाबाहेर तिची पिल्ले पहिल्यांदा जन्माला आली ती १९९२ साली, अमेरिकेतील वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात. २००६ साली इंग्लंडमध्ये चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयातील एका मादीने नराशिवायच सफल अंडी घातल्याचे सिद्ध झाले आणि शास्त्रज्ञही चकित झाले. म्हणजे मोठमोठ्या संस्थांनाही हा प्राणी अजून शिकवतो आहे. ते काम दिवाणखान्यातील हौशी माणूस करील असे म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

दुसरी फसवणूक व्यापाराची. आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन या देशांतून सॅव्हाना घोरपडी हजारोंनी परदेशी गेल्या. त्यातील बऱ्याच पिल्लांवर ‘फार्ममध्ये वाढवलेली’ असा शिक्का असतो. वास्तवात गाभण माद्या रानातून खणून आणायच्या, त्यांची अंडी उबवायची आणि निघालेली पिल्ले विकायची, असा हा धंदा. रानातील माल आणि फार्मचा कागद! पकडणारा गरीब खेडूत, त्याला मिळतात चिल्लर पैसे. नफा जातो निर्यातदाराला आणि दुकानदाराला. भारतात घोरपडीच्या खाजगी पैदाशीला परवाना मिळाला तर याहून वेगळे काय घडणार आहे? फार्म भांडवलदाराचा असेल, रानात जाऊन घोरपड पकडून आणणारा पारधी असेल आणि धाड पडली की बेड्या कुणाच्या हातात पडतील हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

कायद्याची नजर कशी बदलते याचे उदाहरण ताजे आहे. जून २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठी योजना काढली. सहा महिन्यांत स्वतःहून सांगा की तुमच्याकडे अमुक प्राणी आहे, आम्ही कागदपत्रे विचारणार नाही! प्राणी कुठून आला, कसा आला, काही विचारणार नाही. हजारो लोकांनी नोंदणी केली. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी या नोंदणीला कायमची चौकट मिळाली. ही योजना परदेशी प्राण्यांपुरती होती, देशी घोरपडीला ती लागू नव्हती, हे मान्य. परंतु प्रश्न कलमांचा नाही, वृत्तीचा आहे. बंगल्यातील माणूस चुकला तर त्याला मुदत, फॉर्म आणि अभय. पालावरचा माणूस चुकला तर त्याला लाठी, कोठडी आणि तारखांवर तारखा. मनुस्मृती जाळली गेली १९२७ साली. एकाच चुकीला माणूस बघून वेगवेगळी शिक्षा देण्याची तिची रीत मात्र कचेऱ्यांतून अजून गेलेली नाही.

याचा अर्थ घोरपड मारली तरी चालेल असा कुणी काढू नये. बुद्धाच्या करुणेत माणूस आहे तसा प्राणीही आहे. पण घोरपड मरते कशासाठी, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. तिच्या चरबीचे तेल सांधेदुखीवर आणि मर्दानगीवर विकले जाते, त्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. त्याहून भयंकर प्रकार ‘हाथा जोडी’चा. दुर्मीळ वनस्पतीची मुळी आहे, तिजोरीत ठेवली की लक्ष्मी येते, कोर्टात खटला जिंकतो, असे सांगून जी वस्तू तांत्रिक आणि ज्योतिषी विकतात, ते नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते! हे २०१७ साली वन्यजीव संस्थांनी प्रयोगशाळेच्या आधारे जगापुढे मांडले. तोवर ती वस्तू इंटरनेटवर राजरोस विकली जात होती. म्हणजे ज्याला घोरपडीचा स्पर्शही विटाळ वाटतो, तो तिचेच लिंग देव्हाऱ्यात ठेवून त्यावर शेंदूर वाहत होता. दक्षिणेत शास्त्रीय संगीताच्या सभांमध्ये वाजणारी कंजिरा परंपरेने घोरपडीच्या कातड्यानेच मढवली जात असे. वाजवणाऱ्याला टाळ्या मिळाल्या, कातडे सोलणाऱ्याचा सन्मान कुणी केला?

तेव्हा मागणी निर्माण करणारा एक, पुरवठा करणारा दुसरा आणि तुरुंगात जाणारा फक्त दुसराच. पारधी भुकेपोटी एक घोरपड मारतो, तांत्रिकाच्या बाजारासाठी शेकडो मरतात. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना प्राण द्यावे लागले. लक्ष्मी आणून देतो म्हणून हाथा जोडी विकणाऱ्या बुवाच्या दुकानावर पोलीस आणि वनखाते मिळून कधी जाणार?

मग उपाय काय? उपाय देशातच आहे. तामिळनाडूतील इरुला ही आदिवासी जमात साप पकडून कातडी विकत असे. १९७२ चा कायदा आला, १९७६ साली कातडीच्या निर्यातीवर बंदी आली आणि इरुला उपाशी पडले. त्यांना तुरुंगात न टाकता १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ते परवान्याने साप पकडतात, काही दिवस ठेवून विष काढतात आणि सापाला पुन्हा रानात सोडतात. त्या विषापासून सर्पदंशावरचे औषध बनते. २०२३ साली वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोन इरुला सर्पमित्रांना पद्मश्री मिळाली. ज्या विद्येसाठी पारध्याला बेडी पडते, तशाच विद्येसाठी इरुलाला पद्मश्री! फरक जमातीचा नाही, फरक व्यवस्थेने दिलेल्या संधीचा आहे.

महाराष्ट्रात हे का होऊ नये? घोरपडीची पैदास करायचीच असेल तर ती शौकिनांच्या काचपेटीत नको आणि व्यापाऱ्याच्या फार्मवरही नको. ती सरकारी बचाव केंद्रांत आणि प्राणिसंग्रहालयांत व्हावी. जप्त केलेल्या, जखमी झालेल्या घोरपडींची शुश्रूषा, अंड्यांची देखभाल, पिल्लांना पुन्हा रानात सोडणे, सोडलेल्यांवर नजर ठेवणे, ही सर्व कामे फासेपारधी, कातकरी, ठाकर तरुण-तरुणींना कायमस्वरूपी पगारावर द्यावीत. रोजंदारीवर नव्हे! २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना अनेक हक्क दिले, पण शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्टपणे वगळला. वगळायला हरकत नाही, परंतु एक हात रिकामा केला तर दुसऱ्या हातावर काहीतरी ठेवावे लागते, एवढे शासनाला कळले पाहिजे.

१८७१ साली इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. बाबासाहेबांनी १९४८ सालीच ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत अस्पृश्यांच्या जोडीने या जमातींचा आणि आदिवासींचा प्रश्न मांडला होता आणि त्यांना त्या अवस्थेत ठेवणाऱ्या संस्कृतीला जाब विचारला होता. तो प्रश्न आपल्या चळवळीने किती पुढे नेला, हे आपणही स्वतःला विचारायला हवे. आपल्या सभेत पारधी किती असतात? आपल्या वकिलांपैकी किती जण त्यांची केस फी न घेता लढतात?

वाचकहो, आपल्या तालुक्याच्या कोर्टात एकदा जाऊन या. वन्यजीव कायद्याखाली किती पारधी, किती कातकरी तारखेला उभे आहेत ते मोजा. त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलाचा अर्ज लिहून द्या. बाजारात कुणी हाथा जोडी विकताना दिसला तर वनखात्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. घोरपड वाचली पाहिजे. पण ती वाचवायची असेल तर जो तिला सर्वांत जास्त ओळखतो, त्याला आधी माणूस म्हणून वाचवावे लागेल.