जातं कुठं गेलं?

परवा आत्याला फोनवर आजीच्या ओव्या ऐकवल्या. आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, नर्सी नामदेवजवळ. १९९४ साली काकांनी जात्यापाशी टेपरेकॉर्डर ठेवून अर्ध्या तासाची कॅसेट भरली होती. आत्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आवाज आईचाच हाय. पण जातं कुठं गेलं रे?"

जातं मी घालवलं! २००६ मध्ये कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली ती थेट एमपीथ्री करून. मग 'नॉइज' म्हणून जात्याची घरघर काढली, सेव्ह. सुरुवातीचा तुकडा कापला, सेव्ह. आवाज वाढवला, सेव्ह. दर वेळी त्याच फाइलवर. ऑफिसात कोडची जुनी आवृत्ती जिवापाड जपणारा माणूस मी... आणि घरी ही अक्कल! पुढे गावाकडचं घर पाडलं, त्यात कॅसेटही गेली.

तर मुद्दा असा. एमपीथ्री म्हणजे कानाला फारसा जाणवणार नाही असा आवाजाचा भाग टाकून देऊन लहान केलेली फाइल. नुसती कॉपी केली तर काहीच बिघडत नाही. पण उघडून, बदल करून पुन्हा एमपीथ्री केली की ही टाकाटाक पुन्हा होते. 'स', 'श' पाण्यात बुडाल्यासारखे वाटायला लागतात. नंतर तिची वेव्ह केली तरी गेलेलं परत येत नाही, फाइल तेवढी फुगते.

म्हणून माझं मत: मूळ रेकॉर्डिंग वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा आणि त्याला हात लावू नका. काटछाट कॉपीवर करा, तीही वेव्हमध्येच. एमपीथ्री अगदी शेवटी, पाठवण्यापुरती. जागेचं रडगाणं नको. सीडीच्या दर्जाची मोनो वेव्ह अर्ध्या तासाला दीडशे एमबीच्या आसपास होते. आजकाल फोनमधले फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट जागा खातात.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या कागदावर उतरल्या. ध्वनिमुद्रण मात्र त्यातल्या थोड्यांचंच आहे. शब्द लिहून ठेवता येतात हो, पण जात्याच्या फेऱ्याबरोबर ओढला जाणारा सूर कसा लिहिणार? आणि ती घरघर 'नॉइज' आहे, हे ठरवणारा मी कोण?

असो. आत्याला काही ओव्या अजून येतात. दिवाळीत गावाला जातोय. रेकॉर्डर वेव्हवर लावलाय, आणि शेजारच्यांचं जातं मागून ठेवलंय.