इमारत बांधणारे आणि इमारत राखणारे

आपल्या शाळेच्या स्मरणिका मी गेली अठ्ठावीस वर्षे वाचत आलो आहे. त्यांतील दोन-तीन अंकांच्या संपादनात माझाही सहभाग होता. या स्मरणिकांची मांडणी ठरलेली असते. प्रारंभी तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा, त्यानंतर भन्तेजींचा मंगल संदेश, संस्थापकांचे मनोगत, देणगीदारांची यादी, दहावीचे गुणवंत, आणि अखेरीस वसतिगृह, भोजनगृह व विहार यांची छायाचित्रे. प्रत्येक छायाचित्राखाली ती वास्तू कोणाच्या दानातून उभी राहिली हे आवर्जून छापलेले असते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या वास्तूंतले पाणी, वीज, दारे, छप्परे इतकी वर्षे कोणी चालू ठेवली, याचा उल्लेख एकाही अंकात नाही. संपादक म्हणून या वगळण्याचा दोष माझ्याकडेही येतो. म्हणून या वर्षी मी याच विषयावर लिहावयाचे ठरवले.

आपल्या माजी विद्यार्थ्यांना ‘मामा’ आठवत असतील. इमारतीची आणि यंत्रसामग्रीची सारी देखभाल तेच करीत. तालुक्याच्या आयटीआयमधून त्यांनी वायरमनचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. तरीही त्यांच्या नेमणूकपत्रावर पद होते शिपायाचे आणि वेतनही शिपायाचेच. निवासी शाळा म्हणजे शेकडो मुलांचे घर. ते घर पहाटे साडेचारला मामांच्या हाताने जागे होई. मोटार सुरू करण्यापूर्वी ते पॅनेलवरचे तिन्ही फेजचे दिवे पाहत. एक फेज गेलेली असताना थ्री-फेज मोटार चालू राहिली, तर उरलेल्या दोन फेजवर भार येतो, वाइंडिंग तापते आणि थोड्याच वेळात मोटार जळते. आपल्या ग्रामीण भागात विजेचा पुरवठा कसा असतो हे सांगण्याची गरज नाही. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून ते बेअरिंगचा आवाज ऐकत, आणि बेअरिंग बसण्याच्या महिनाभर आधीच कार्यालयाला सांगत. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा उपयोग कमी होतो, म्हणून कोळसा-मीठ भरलेल्या त्या खड्ड्यात ते आठवणीने पाणी ओतीत. मृगापूर्वी गच्चीवरच्या पन्हाळी साफ होत, कारण तुंबलेले पाणी स्लॅबमध्ये मुरते, आतली सळई गंजते, गंजून फुगते आणि छताचा गिलावा खाली पडतो. खाली मुले झोपलेली असतात.

मी काही वर्षे वसतिगृहाचा अधीक्षक होतो. एका थंडीत स्नानगृहाच्या हीटरची वीज पुनःपुन्हा तुटू लागली. मुले कुडकुडत होती, पालकसभा तोंडावर होती. विद्युतगळती होताच प्रवाह तोडणारी जी छोटी पेटी मामांनी बसवून घेतली होती, तिच्यामुळे हे होत आहे असे माझ्या कानावर आले. मी त्यांना जरा चढ्या आवाजातच म्हणालो, “ती पेटी बाजूला काढा आणि सरळ जोडून टाका.” ते शांतपणे म्हणाले, “सर, ही पेटी काढली तर पाण्यात करंट उतरेल. लेखी दिलंत तरी मी काढणार नाही.” दुसऱ्या दिवशी त्यांनी हीटर उघडून दाखवला. आतल्या एलिमेंटला तडा गेला होता. माझ्याकडे इतिहासाची पदव्युत्तर पदवी होती, अधिकारही माझ्याकडेच होता. ज्ञान मात्र त्या क्षणी शिपाई म्हणून नेमलेल्या माणसाकडे होते, आणि माझी आज्ञा मोडण्याचे धैर्यही.

हे ज्ञान आपल्याला ज्ञान म्हणून का दिसत नाही? याचे उत्तर आपल्या समाजव्यवस्थेच्या इतिहासात आहे. १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही. ती श्रमिकांचीच उतरंडीत केलेली विभागणी आहे. या उतरंडीत हाताने काम करणारा खाली आणि त्या कामाविषयी बोलणारा वर, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या मुरला. त्यातही आपल्या वाट्याला हातकाम आले ते बहुतांशी घाणीचे आणि ओझ्याचे. यंत्राजवळचे कौशल्याचे काम आले की दार बंद होई. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्याची मजुरी अधिक होती. पण तेथे धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर स्पष्टपणे मांडला होता.

आणखी एक गोष्ट आपण जयंतीच्या भाषणांत क्वचितच सांगतो. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. त्यात उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी होती, आणि तिच्याबरोबरीने तांत्रिक प्रशिक्षणाचीही. सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, असा आग्रह त्यांनी त्यात धरला होता. परदेशी विद्यापीठ आणि रेल्वेचा कारखाना, ही दोन्ही दारे त्यांनी एकाच निवेदनात ठोठावली. आपण त्यांतले पहिले दार लक्षात ठेवले आणि दुसरे विसरलो.

या विसरण्यात माझाही वाटा आहे. वीसएक वर्षांपूर्वी दहावी झालेला एक विद्यार्थी वडिलांसह माझ्याकडे आला. मामांच्या मागे हिंडून त्याला विजेच्या कामाची गोडी लागली होती आणि आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला त्याला जावयाचे होते. मी त्याच्या वडिलांना म्हणालो, “आपल्या बापजाद्यांनी हातानेच राबायचे काम केले. याच्या हाती पुन्हा पक्कड देऊ नका.” वडिलांनी माझे ऐकले. मुलगा बी. ए. झाला, सहा-सात वर्षे स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरीत राहिला आणि आज एका कंत्राटदाराकडे सुरक्षारक्षक आहे. त्याने मला कधी बोल लावला नाही. भेटला की वाकून जयभीम करतो. त्या जयभीमला उत्तर देताना माझी मान खाली जाते.

येथे काही पालक रास्त आक्षेप घेतील. त्यांचे म्हणणे असेल की, वरच्या वर्गांची मुले अभियंते आणि डॉक्टर होणार आणि आमच्या मुलांना तुम्ही पाना-पक्कड शिकवणार. हे जुन्या व्यवस्थेकडेच नेणे नव्हे काय? या आक्षेपामागे शतकांचा अनुभव आहे. म्हणून भेद नीट समजून घेतला पाहिजे. जातीने लादलेल्या कामात निवड नव्हती, शिक्षण नव्हते, ठरलेले वेतन नव्हते आणि नकार देण्याचा अधिकार तर मुळीच नव्हता. प्रशिक्षित कारागिराच्या व्यवसायात या चारही गोष्टी असू शकतात आणि असल्याच पाहिजेत. ज्याला अभियंता व्हावयाचे आहे त्याच्या वाटेत आयटीआयचे नाव आणून त्याला अडवणे हा अन्याय होय. ज्याला यंत्राची आवड आहे त्याला ‘हे कमीपणाचे’ म्हणून परावृत्त करणे हाही अन्यायच. मी दुसरा केला.

या भेदाची खरी कसोटी सेप्टिक टँकच्या झाकणाशी लागते. ‘देखभाल’ या सौम्य शब्दाच्या आड आपल्या देशात कोणत्या जातीचा माणूस त्या टाकीत उतरवला जातो, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना गटारात वा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला. अशा मृत्यूंच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. रक्कम वाढवावी लागते, याचाच अर्थ माणसे अजून मरत आहेत. मामांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी सांगून ठेवले होते की टाकी उपसण्यासाठी यंत्राची गाडीच येईल, ते स्वतः उतरणार नाहीत आणि दुसऱ्या कोणाला उतरवणारही नाहीत. बौद्ध संस्थेत हा नियम एका कर्मचाऱ्याच्या करारीपणावर अवलंबून राहू नये. तो संस्थेचा लेखी नियम असावा.

आपल्या धम्माची परंपरा या बाबतीत काय सांगते, तेही पाहू. विनयपिटकातील चुल्लवग्गात वैशालीच्या एका गरीब शिंप्याची कथा आहे. त्याने संघासाठी स्वतःच्या हातांनी विहार बांधावयास घेतला. त्याला बांधकामाची माहिती नव्हती. भिंत वाकडी झाली आणि पडली. असे तीनदा झाले. तेव्हा तो चिडून म्हणाला की, भिक्खूंना जे दान देतात त्यांच्या बांधकामावर भिक्खू देखरेख करतात, मी दरिद्री, मला कोणी मार्गदर्शन करीत नाही. हे तथागतांच्या कानी गेले. त्यांनी त्या शिंप्याला दोष दिला नाही. बांधकामाची जबाबदारी एका भिक्खूकडे सोपवण्याची अनुज्ञा दिली, आणि विहार लवकर पूर्ण होईल व जे मोडले-तुटले असेल ते दुरुस्त होईल हे पाहणे त्या भिक्खूचे कर्तव्य ठरवले. त्याला ‘नवकम्मिक’ म्हणतात. दुरुस्तीसाठी जबाबदार माणूस नेमलेला असावा, ही व्यवस्था संघाने अशी अडीच हजार वर्षांपूर्वीच स्वीकारली होती.

पैशाची व्यवस्थाही आपल्याच भूमीत सापडते. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याजातून भिक्खूंच्या चीवरांचा व इतर खर्च भागावयाचा, अशी ती अक्षयनीवी होती. तेथीलच आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील लेखात आजारी भिक्खूंच्या औषधोपचारासाठी एका उपासिकेने ठेवलेल्या ठेवी आहेत. त्या ज्या श्रेणींकडे ठेवल्या, त्यांत पाण्याची यंत्रे करणाऱ्या कारागिरांची, ओदयंत्रिकांची, श्रेणीही आहे. ज्यांच्या हातात यंत्र होते, त्यांच्यावर संघाच्या औषधपाण्याचा भरवसा टाकला जात होता. त्या कारागिरांना समाजात काय स्थान होते, हे या एका लेखावरून ध्यानात यावे.

आता आपल्या शाळेविषयी. मामा निवृत्त होऊन दोन वर्षे झाली. त्यांचे पद भरले गेलेले नाही. बिघाड झाला की बाहेरचा माणूस बोलावला जातो. तो जळलेली वस्तू बदलून जातो, ती का जळली हे पाहण्यास त्याला वेळ नसतो. या दोन वर्षांत मोटार दोनदा जळाली. दर वेळच्या खर्चाची नोंद झाली, कारणाची नोंद कोठेच नाही. व्यवस्थापन मंडळाच्या आर्थिक अडचणी मला ठाऊक आहेत आणि त्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात शंका नाही. पण माजी विद्यार्थी या महोत्सवानिमित्त प्रवेशद्वारावर दगडी कमान उभारण्यासाठी निधी जमवीत आहेत, म्हणून हे याच अंकात सांगणे मला भाग वाटले.

माझी विनंती अशी आहे. कमान साधी असू द्यावी आणि जमलेल्या निधीपैकी निम्मी रक्कम बँकेत कायम ठेव म्हणून ठेवावी. तिच्या व्याजाला संस्थेने आपली भर घालावी आणि ‘देखभाल मेकॅनिक’ याच नावाने, कुशल कामगाराच्या वेतनावर, प्रशिक्षित व्यक्ती नेमावी. ती स्त्री असली तरी उत्तमच. प्रत्येक दुरुस्तीची तारीख, कारण आणि उपाय एका वहीत लिहिले जावेत, म्हणजे एका माणसाबरोबर त्याचे ज्ञान निवृत्त होणार नाही. आठवी-नववीच्या मुलामुलींना आठवड्यातून एक तास त्या मेकॅनिकजवळ शिकू द्यावे. फ्यूज का जातो, नळ का गळतो, अर्थिंग कशासाठी असते, हे त्यांना कळावे. हा तास शिक्षा म्हणून कधीही देऊ नये आणि मुलांच्या श्रमावर संस्थेचा खर्च वाचवू नये. चालू वीज, उंच शिडी आणि टाकी यांजवळ कोणत्याही मुलाने जाता कामा नये.

पालकांना एवढेच सांगतो. आपल्या मुलाने वा मुलीने पदवी मागितली तर पोटाला चिमटा घेऊन द्या. त्यांनी आयटीआय मागितले, तर तेवढ्याच अभिमानाने द्या. आणि माझ्यासारखा एखादा शिक्षक आड आला, तर त्याचे ऐकू नका.

या लेखात मामांचे नाव लिहावे म्हणून गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो होतो. ते म्हणाले, “नाव राहू द्या सर, माणूस नेमा. पावसाळा आलाय, आणि गच्चीच्या पन्हाळी दोन वर्षं कुणी बघितल्या नाहीत.” त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव लिहिलेले नाही. पन्हाळी मी पाहून आलो. ते म्हणाले ते खरे आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.